चावी न घेणारं घड्याळ

संघटनेचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आमच्या दुकानाचे शेठ, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आमचे मास्तर, त्यांच्या शेजारी बसून मला डोळ्यांनीच "आवर गं लवकर" म्हणणाऱ्या काकू, आणि जन्मभर घड्याळं दुरुस्त करूनही कार्यक्रमाला पाऊण तास उशिरा आलेल्या माझ्या व्यवसायबंधूंनो!

मला पाच मिनिटं दिली आहेत. ती घड्याळवाल्याची पाच मिनिटं आहेत, तेव्हा सांभाळून घ्या.

मास्तरांच्या शेजारच्या टेबलावर मी एकोणीस वर्षं बसले. गिऱ्हाईक काचेवर बोट ठेवून म्हणायचं, "अहाहा, काय देखणं आहे!" की मास्तर म्हणायचे, "थोबाड बघून सोयरीक करू नका. आत मशीन कुठलं ते विचारा. आणि आधी सांगा, तुमचा हात दिवसभर करतो काय?" शाळेत घंटा देणाऱ्या शिपायाला त्यांनी सेलचं दिलं. "अरे, तुझं मिनिट चुकलं तर पाचशे पोरं बोंबलतील!" चावीचं मागणाऱ्याला विचारायचे, "रोज सकाळी न कंटाळता चावी द्याल? मगच न्या." आणि भिंती रंगवणाऱ्याला ऑटोमॅटिक. त्याच्या आत वजनाची अर्धगोल चकती असते. हात हलला की ती फिरते आणि स्प्रिंगला ताण देते. रंगाऱ्याचा हात वरखाली होतच राहणार, मग वेगळी चावी हवी कशाला?

आता ती गोष्ट सांगू का? सांगतेच! मास्तर, उठून जाऊ नका.

त्यांच्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा शेठनी त्यांना भारीतलं ऑटोमॅटिक दिलं. दर दोन-तीन दिवसांनी ते बंद! मास्तरांनी ते अकरा वेळा उघडलं. तेल बदललं, स्प्रिंग बदलली, माझ्यावर खेकसले, "तू हात लावलास का?" शेवटी एकदा काकू डबा घेऊन आल्या, दारात उभ्या उभ्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमचा डावा हात टेबलाला चिकटवलाय का? मी आल्यापासून हलला नाहीये." झालं! घड्याळात दोष नव्हताच. डोळ्याला भिंग लावून आठ-आठ तास डावा हात स्थिर ठेवणारा माणूस, चकती फिरणार कशी? साऱ्या जगाला हात विचारणारे मास्तर स्वतःचाच हात विचारायला विसरले होते.

हसा, हसा. पण मंडळी, आठ महिन्यांपूर्वी मास्तर त्याच टेबलावर कोसळले. हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी बजावलं, रोज तासभर चाला. तेव्हापासून मास्तर घरी, पण काकूंची नोकरी अजून चालू आहे. त्या संध्याकाळी घरी येऊन विचारतात, "चाललात का?" हे म्हणतात, "हो तर! दोन फेऱ्या झाल्या." साफ खोटं! खुर्ची ते टीव्ही, संपली फेरी.

निरोपाची भेट निवडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा काकू दुकानात आल्या आणि माझ्यासमोर रडल्या. म्हणाल्या, "यांच्या हाताला असं काहीतरी बांध, जे माझ्याशी खोटं बोलणार नाही."

मग काय, मी पेटलेच! ऑटोमॅटिक तर हवंच. पण बहुतेक ऑटोमॅटिक घड्याळांना वरून चावीही देता येते. मास्तर खुर्चीत बसल्या बसल्या वीस वेळा फिरवतील आणि साळसूदपणे काकूंना दाखवतील. म्हणून दोन महिने सात दुकानं पालथी घातली आणि सापडलं! जुन्या पद्धतीचं मशीन. चावी ओढून वेळ लावता येते, पण कितीही फिरवा, ताण बसत नाही. हात हलला तरच चालणार. दोन दिवस लोळलात, की काटे उभे!

अरे, बघा, बघा! पेटी उघडली नाही तोच चावी फिरवून बघतायत! मास्तर, व्यर्थ आहे. हातात धरून हलवणार असाल तर खुशाल तासभर हलवा, तोही व्यायामच आहे.

थट्टा पुरे. मास्तर, उद्यापासून तुमच्या टेबलावर मला बसायचंय आणि मला भीती वाटते. माझं अडणार आहे. अडलं की मी तुमच्या घरी येणार आहे, आणि तेव्हा दार तुम्ही उघडायला हवं. अजून निदान वीस वर्षं तरी.

अध्यक्षमहाराजांनी घंटी वाजवली नाही आणि आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात गुरूची लबाडी चव्हाट्यावर मांडली, लहान तोंडी मोठा घास घेतला, सभेनं पदरात घ्यावं. मास्तरांना मात्र रागवायचं असेल, तर त्यांनी उद्या दुकानात येऊन रागवावं.

चालत.