लाल बटणाचं कुणी ऐकेना

लाल बटण दिसलं की अजून डोकं तापतं माझं. ऐंशीच्या दशकात साजगावच्या एका कारखान्यात मी वायरिंग बघायचो. तिथं रोलरच्या मशीनवर नवा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारी चिप, बसवला होता. लाल बटण दाबलं की ती चिप हातातलं काम टाकून आधी बटणाचं ऐकायची आणि मशीन थांबवायची. त्यालाच इंटरप्ट म्हणतात. पण बटणाची वायर मोटरच्या वायरीला चिकटून गेलेली. मोटर सुरू झाली की चिपला वाटायचं बटण दाबलं, आणि मशीन उगाच थांबायचं.

मी मॅनेजरला म्हटलं, "साहेब, वायर लांबून नेऊ. एक दिवस मशीन बंद ठेवा."

"मशीन कशाला? तो इंटरप्टच बंद करतो."

"अहो, पण मग बटण..."

"मधे बोलू नकोस!"

त्यांनी प्रोग्राम बदलून आणला. आता चिप मशीनचा चालू फेरा पूर्ण झाल्यावरच बटणाकडे बघणार.

त्याच आठवड्यात त्या मशीनवर काम करणाऱ्या कडावच्या गणपतची बाही रोलरमध्ये गेली. तो बटणावर बुक्क्या मारतोय, "थांब रं, थांब!" आणि मशीन आपलं चालूच. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, बाही फाडून त्याला सोडवला.

साहेब ओरडतच आले. "फेरा अर्धवट टाकून मशीन कुणी बंद केलं? आधी विचारता येत नाही?"

मी ती फाटकी बाही त्यांच्या हातात कोंबली. "हिनं आत जाताना विचारलं होतं काय?"

"आधी माझं पुरतं ऐकून घे..."

"नाय ऐकणार! फेरा पुरा होईस्तोवर ऐकत बसलो असतो, तर आज तुमच्या हातात नुसती बाही आली नसती."