सातशे सात आणि सहा मिनिटं

हसू नका, पण दर रविवारी मी माझ्या मुलाला विमानांवर एक प्रश्न विचारतो. तो कॅनडात विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. एरवी "जेवलात का, गोळ्या घेतल्या का" एवढ्यावर दोन मिनिटांत त्याचा फोन संपतो. मग हडपसरच्या फ्लॅटमध्ये मी एकटा, पुढच्या रविवारपर्यंत.

म्हणून एकदा विचारलं, "अरे, प्रवासी विमानांच्या नावात सात आकडा सारखा का येतो?"

तो खुलला. "बाबा, ती विमानं बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीने सातशेचे आकडे जेट विमानांसाठी ठेवले होते. नुसतं सातशे रुक्ष वाटलं, म्हणून सातशे सात केलं."

सहा मिनिटं मिळाली. मला ठाऊक नव्हतं असं नाही. हवाई दलाच्या कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट होतो, विमानांचेच कागद बडवले.

परवा मोठा प्रश्न काढला: लढाऊ विमान कसं निवडतात? निवडायला वर्षं लागतात, तसंच उत्तरही लांबलं. वाळवंटातल्या उन्हात चाचणी, लेहच्या थंडीत चाचणी, मग किमतीची घासाघीस, आणि एवढं होऊन कधीकधी सगळं पहिल्यापासून. मी आपला "हो का? मग?" म्हणत राहिलो.

शेवटी तो म्हणाला, "बाबा, असं करा ना, सगळे प्रश्न एकदाच टाइप करून पाठवा. मी एका मेलमध्ये उत्तरं देतो."

मी म्हटलं, "अरे, मला टायपिंग कुठे येतं?"

तो हसला. मग हळूच म्हणाला, "बरं, मी शिकवतो. आधी कीबोर्ड उघडा."