नाक्याच्या अलीकडं

…टण्, असा. एवढाच आवाज, पण तो अजून कानातून गेला न्हाई बघ, द्वारका. तुझ्या जोडव्यांचा. संतरामाशी लगीन लागून तू पहिल्यांदा घरात आलीस, ओसरीच्या दगडावर पाय ठिवलास, तवाचा. मी खाटेवर बसलेलो, मान वर केली न्हाई – सुनेकडं टक लावून बघू न्हाई म्हणून. पण तवापासून आवाज आला की समजायचं, द्वारका आली, पाण्याचा तांब्या ठिवून गेली. तू काही माझ्याशी कदी बोलली न्हाईस. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचंच न्हाई, आपली रीत हाय, मी तक्रार करून राहिलो न्हाई. पण संतराम गेला, बायांनी तुझी जोडवी उतरवली, आन् आता तू कवा येतीस, कवा जातीस, मला समजत न्हाई. पोरगं गेलं ते गेलंच, सूनबी बिनआवाजाची झाली…

न्हाई न्हाई, उठू नको. बस. तिकडं तोंड करून बस, तशीच. तुझा हऱ्या निजलाय माझ्या मांडीवर, तू उठलीस की जागा होईल. मोटारीला अजून टाईम हाय – पाणी उकळलं म्हणं तिचं, आता काय बोलावं! आपला थोरला तातेराव आन् डायवर गेलेत वढ्याला डबा घिऊन. तुझी सासू तिकडं मोटारीत शालूच्या नाकाशी कांदा धरून बसलीय. काय हाल झाले थोरल्या सुनेचे, औंढ्यापासून नुसत्या ओकाऱ्या. नागनाथापुढं हात जोडले ते बी डोळे मिटून, आन् मोटारीत बसली की सुरू – डायवर बिचारा वरडतो, ‘मावशी, बाहेर, बाहेर तोंड!’ आन् तातेराव म्हनतो, ‘मावशी कुणाला म्हनतोस रे, तुझ्याहून ल्हान हाय ती!’ – हसलीस? पदर हलला तुझा. हसलीस तर बरं वाटलं, माय. लई दिसांनी.

मी बी पहिल्यांदाच बसलो मोटारीत. कुरुंद्यातून निघालो तर कुत्री मागं, लेकरं मागं, बैल दावं तोडून राहिले. सगळं घर मोटारीत – दशमीचं गाठोडं, तुझं बोचकं, सासूचा पानाचा डबा. मी तातेरावाला म्हनलं, काहून रे बाबा, घरची गाडी हाय, बैल हायेत, सुनेला माहेरी पोचवायला मोटार कशापायी? रस्त्यात दोन मुक्काम पडतील, पडू दे, हऱ्याला रानं दिसतील, हरणं दिसतील. तर म्हनला, ‘आबा, तुमाला समजत न्हाई. बैलगाडीमागं माणूस पळत येतं. मोटारीमागं कोण पळंल?’…

…काय झालं? मान काहून वळवलीस? असंच म्हनला तो. म्हातारं माणूस मी, काहीबाही बोलतो – न्हाई, असंच न्हाई. आता सुटलं तोंडातून. कोण पळंल म्हंजे? तू पळशील. तूच पळशील, दुसरं कोण हाय?

ऐक. हळू बोलतो, तिकडं जाईल. नाक्यावर तुझा भाऊ बैलांची दमणी घिऊन उभा असंल, त्याला वाटतं बहीण लेकरू घिऊन चार दिस ऱ्हायला येऊन राहिली. तुला बी तेच सांगितलंय. तिथं मोटार थांबली की सासू म्हनंल, ‘द्वारका, तू आदी उतर, बोचकं घे, लेकरू वरून देते.’ तू उतरशील. आन् डायवर मोटार बंद करणारच न्हाई, तसं त्याला सांगून ठिवलंय. हऱ्या आमच्यासंगं माघारी. तू तिकडंच. कायमची. तातेरावाला लेकरू न्हाई, घराचा वंश घरात राहावा म्हनतात. तू तरणी हायेस, भाऊ तुझा पाट लावून देईल म्हनतात. शालूनं हऱ्याला अंगडं शिवून ठिवलंय, मी बघितलं. वाईट न्हाई ती. तसं वाईट कुणीच न्हाई बघ घरात, हीच तर पंचाईत हाय.

मला इचारलं की! जेवताना इचारलं, ‘आबा, तुमचं काय म्हननं?’ मी काय म्हनलो? भाकर मोडली. कालवणात बुडवली. खाल्ली. गप बसलो म्हंजे व्हय, असं धरलं त्यांनी. तू रीतीपायी गप असतीस पोरी, मी कशापायी गप होतो? माझंच घर, माझंच पोरगं – आन् तरी त्याच्यापुढं जीभ उचलत न्हाई. पहिल्यापासून असाच मी. आता बी तो येईल, ‘चला आबा’ म्हनंल, मी उठंल, बसंल मोटारीत. मला ठावं हाय ना मी कसा हाय ते. आन् खरं सांगू? मला बी हऱ्या पाहिजे. पहाटं माझ्या बंडीची गुंडी मुठीत धरून निजतो, कपाळ तर थेट संतरामाचं. पण तू त्या फुफाट्यात उभी, हात वर करून, आन् हा मोटारीतून वरडून राहिला – ते मला बघवणार न्हाई, माय. तितकं बघायचं बळ न्हाई माझ्यात.

तू बोल की. आज एक डाव बोल माझ्याशी. ‘आबा, नेऊ देऊ नका’ एवढंच म्हन, मग मला बी काही सुचंल, मी बी काही… न्हाई? नको बोलू. मी तरी काय करणार होतो?

नाका काय, हा इथंच. ते वळण दिसतं ना, धूर निघून राहिला, त्या झोपड्यांच्या अंगाला. निजामाची हद्द तिथं सरती. शिपाई असतो, पण तो बोचकी बघतो, लेकुरवाळ्या बाईला काही इचारत न्हाई. मी काही म्हनत न्हाई तुला. नुसतं सांगून राहिलो, नाका कुठं हाय ते.

अगं – अगं हळू, मान धर त्याची… निजलाय, निजलाय, खांद्यावर घे. बोचकं मोटारीत हाय, राहू दे, चिंध्या त्या, भाऊ लुगडं घेईल. मी बसतो इथंच, तातेरावाला सांगंल… काय सांगंल कुणास ठाऊक, सांगंल काहीतरी. तो वढ्यातून वर येऊन राहिला बघ, डबा चमकला. वळून बघू नको. उचल पाय. पदर तेवढा घे लेकराच्या डोईवर, ऊन लई –