शिवलेल्या होडीला खिळे

—खुर्ची नको. कॉफीही नको. मी बसायला आलेली नाही सोशम्मा, होडी बघायला आलेय. आणि हो, नावानंच हाक मारणार. थोरल्या भावाची बायको म्हणून तुला चेडत्ती म्हणायचे दिवस गेले, ते तूच घालवलेस, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस. होडी विकायची आहे म्हणून चर्चच्या पायरीवर सांगितलंस, बोटीच्या धक्क्यावर सांगितलंस, सगळ्या गावाला सांगितलंस, तेवढं मला सांगितलं नाहीस. मला कुणाकडून कळलं? मासळीवालीकडून! चंगनाश्शेरीला, माझ्या दारात टोपली उतरवली आणि म्हणते, एलिक्कुट्टी अम्मच्ची, तुमच्या बापाची होडी म्हणे हॉटेलवाला घेतोय. बापाची म्हणाली, अप्पच्चनची, ऐकलंस? मासळीवालीलासुद्धा ठाऊक आहे ती कुणाची. असू दे. मी गिऱ्हाईक म्हणून आलेय, गिऱ्हाइकाला माल दाखवतात. चल पुढं. नाही, घरातून नको, तुझ्या उंबऱ्याच्या आत मी पाय ठेवणार नाही — बाजूनं जाऊ, केळीतून, कालव्याकडं.

हीच का ती? अगं बाई... नाही, काही झालं नाही, ऊन आलं डोळ्यावर. शेडमध्ये ऊन येत नाही? माझ्या डोळ्यावर आलं. तू तुझं बघ. — छप्पर कुठं गेलं हिचं? बांबूच्या चटईचं गोल छप्पर होतं, त्याखाली पावसात झोपलोय आम्ही. आणि हे काय, कोंबड्या? होडीत कोंबड्या पाळल्यास? ज्या होडीतून माझा अप्पच्चन अख्ख्या गावाचं भात आलप्पुळच्या बाजारात नेत होता, त्या होडीत तुझ्या कोंबड्या अंडी घालतात? हुश्! हाकल आधी त्यांना. हाकल! — बघ, नाळेला, या पुढच्या टोकाला, वाळवी. ही तळाची फळी काळी पडलीय, नख घातलं की आत जातंय. माशाचं तेल कधी लावलं होतं शेवटचं? माहीत नाही? तुला काय माहीत असणार, तू डोंगरातली, रबराच्या झाडाखाली वाढलेली, लग्न होऊन आलीस तेव्हा या धक्क्यावरून होडीत पाय टाकायला रडली होतीस, माझ्या पदराला धरून उतरवलं होतं तुला. याला होडी म्हणतात? सरपण आहे हे. सरपणाला जो भाव असेल तो मी देईन, वर एक पै नाही.

हॉटेलवाला जास्त देतो? देणारच. तो काय करणार हिचं, विचारलंस कधी? मी विचारून आलेय. मधोमध करवतीनं कापणार, नाळेकडचा अर्धा भाग भिंतीला उभा करणार, त्यात फळ्या मारणार आणि त्यावर केक आणि पपईच्या फोडी मांडणार, पाहुण्यांनी नाश्त्याला यायचं आणि तिच्याबरोबर फोटो काढायचे. तुला चालेल? — मला काय करायचीय? मला बदकांसाठी पाहिजे. हो, बदकं. मुलाला बदकं पाळायचीत, पाण्यावर न्यायला-आणायला होडी लागते, त्यात एवढं बघण्यासारखं काय आहे? मुलगा येणारच आहे, मस्कतहून सुटी मिळाली की येईल — मस्कतला आहे तर काय झालं? मस्कतला असला म्हणून बदकं पाळू नयेत असा कायदा आहे का? तो नाही पाळणार तर मी पाळेन. आमच्या दारात पाणी नाही, ठाऊक आहे मला, दारात रस्ता आहे आणि समोर बेकरी आहे, ते तू मला सांगायला नको. माझी बदकं, मी बघेन.

बाजूला हो, मी आत उतरते. हात नको देऊस. साठी झाली म्हणून काय झालं, या होडीत उतरायला मला कुणाचा हात लागत नाही. — शिवण बघू दे. अगं, तुला अजून कळत नसेल तर सांगते, ही शिवलेली होडी आहे. रानफणसाच्या फळ्या, कडेकडेनं भोकं आणि काथ्याचा दोर, बस्स. लोखंड नावाला नाही. खिळा मारला की पाण्यात तो गंजतो, गंजला की फुगतो, फुगला की फळी उभी चिरते — होडी मरते. म्हणून शिवायची. आणि दर काही वर्षांनी जुने टाके काढून नव्यानं शिवायची. आणि हे काम एकट्या माणसाचं नाही, ऐकतेस ना? एक बाहेर लागतो, एक आत. बाहेरच्यानं भोकातून दोर आत सारायचा, आतल्यानं ओढायचा, पीळ द्यायचा, दुसऱ्या भोकातून बाहेर सारायचा. मधे फळी, एकाला दुसरा दिसत नाही. अप्पच्चनचे हात थकल्यावर बाहेरून माझा इच्चायन आणि आतून मी. कुरुविळा इच्चायन — तुझा नवरा, हो, पण आधी माझा भाऊ. मी लहानखुरी, या बाकाखाली सरपटत जायची, बोटं सोलवटायची काथ्यानं, रात्री जेवताना मिठाचा हात लागला की जीव जायचा, पण टाका कधी सैल सुटला नाही. लग्नानंतरही मीच यायची. थोरला पोटात होता त्या वर्षी या इथं, इथं पाठ टेकून शिवलंय मी, आणि तू वर काठावर बसून ताक पीत होतीस.

आणि वाटणीच्या वेळी काय झालं, तू विसरलीस? मी नाही विसरले. मुलीला लग्नात दिलं की तिचं खातं संपलं, हे मलाही माहीत होतं. वकिलाकडं माझा नवरा गेला, मी नाही गेले. मी शेत मागितलं नाही, घर मागितलं नाही. मी म्हटलं, मला होडी द्या. आणि तुम्ही सगळे हसलात. तू तर तोंडाला पदर लावून हसलीस. सासरच्या दारात होडी वल्हवत जाणार का म्हणालीस. — म्हणाली होतीस! — आणि इच्चायन? तो हसला नाही, पण बोललाही नाही. गप्प बसला. त्याचं गप्प बसणं मला तुझ्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. त्यानंतर मी या कालव्याचं पाणी पायाला लावून घेतलं नाही. आणि वर माणसाची हिंमत बघ — मध्ये एकदा याच मासळीवालीबरोबर निरोप धाडला. होडी वर काढलीय, शिवायला ये. वा! होडी द्यायची नाही, पण शिवायला मात्र एलिक्कुट्टी! मी काय तुमच्याकडं मजूर होते? मी पण तस्साच निरोप परत धाडला, म्हटलं, सांग त्याला, मजुरीवर माणूस लाव. बरं वाटलं मला त्या दिवशी. दुपारी पोटभर जेवले.

थांब. हे काय आहे? इथं, सांध्यावर, काथ्याच्या बाजूला हाताला काहीतरी कडक लागतंय — खिळा? सोशम्मा, हा खिळा आहे! हा बघ, आणि हा दुसरा, अगं ही सगळी ओळच्या ओळ खिळ्यांची! आरपार मारलेत! आणि कसे मारलेत, एक सरळ नाही, एक डोकं धड नाही, एक इकडं कललाय, एक तिकडं, इथं हातोडा निसटून फळीला खड्डा पडलाय. दारू पिऊन ठोकलेत का? कोण होता हा सुतार? कालव्यापलीकडचा तो? की तुझ्या माहेरचा, पलंग नाही तर खुर्च्या करणारा कुणी? शिवलेल्या होडीला खिळे! माणसाचा गळा दाबावा तसं आहे हे. ज्यानं हे खिळे ठोकले त्याचे हात झडोत, सांगते तुला, दोन्ही हात झडोत त्याचे! उभी काय राहिलीस? पक्कड आण. घरात पक्कड असेल ना? एवढ्याशासाठी तरी उपयोगाला ये, जा, पळ — आणि जाताना ती कोंबडी घेऊन जा!

आणलीस? गंजलेली आहे, पण चालेल. आता हा वरचा बघ, हा थोडा सैल आहे, हलतोय. येतोय. उरलेले पण असेच उपटेन एकेक करून, भोकं बुजवून घेईन, नवा काथ्या वळून घेईन, आणि त्या सुताराला इथं बोलावून — काय? काय पुटपुटतेस? मोठ्यानं बोल. मघापासून तोंडात मूग धरून उभी आहेस आणि आता बोलतेस तर पायाकडं बघून. कुणी मारले? — इच्चायननं?

खोटं. खोटं बोलतेस तू. मेलेल्या माणसावर ढकलू नकोस. माझ्या नवऱ्यानं एकदा कंदील टांगायला नुसता खिळा हातात घेतला होता तर इच्चायन वल्हं घेऊन धावला होता त्याच्या अंगावर. तो मारेल खिळे? आणि त्याचा हात एवढा वाकडा? एका घावात खुंटी बसवायचा तो — डाव्या हातानं? का, डाव्या का? उजव्याला काय झालं होतं? लुळा पडला? — कधी? — आणि मला कुणी सांगितलं नाही? सांगितलं होतं? मासळीवालीबरोबर? ती म्हणाली होती तब्येत बरी नसते म्हणून, हो, म्हणाली असेल, ती सारखी बोलतच असते, तिचा दीर आजारी, तिची म्हैस आजारी, कुठं कुठं लक्ष द्यायचं माणसानं? हात गेला असं काही ती म्हणाली नाही. निदान मी ऐकलं नाही. आणि त्याला पुरायच्या दिवशी चर्चमध्ये मी आले होते, माहीत आहे? मागच्या बाकावर होते, नंतर इथं आले नाही एवढंच. पेटीत तुम्ही त्याला पांढरे हातमोजे घातले होते, हातात क्रूस दिला होता, त्या मोज्यात कुठला हात कसा होता हे मला कसं दिसणार? सांग ना, कसं दिसणार?

मग माणूस लावायचा होता. मी सांगितलंच होतं मजुरीवर लाव म्हणून! आले होते? मग? आत बसू दिलं नाही? कुणालाच नाही? हट्टी. जन्माचा हट्टी. आणि तू? तू का नाही बसलीस आत, बायको ना तू त्याची? — तुलाही नाही? बरं. बरं, रडू नकोस, मला रडणारी बाई सहन होत नाही. ...काय करायचा म्हणालीस? फळीवर? बाहेर बसून? कशा थापा — दोन? दोन थापा मारायचा आणि कान लावून बसायचा? तुला वाटलं डोकं फिरलं त्याचं. तुला काय कळणार. डोकं नव्हतं फिरलं. ते — आमचं होतं ते. फळीपलीकडचं माणूस दिसत नाही ना, म्हणून. दोन थापा म्हणजे, माझ्या बाजूनं ओढून झालं, आता तू ओढ. मग आतून दोन थापा यायच्या. त्याशिवाय बाहेरच्यानं पुढचं भोक धरायचं नाही. ...किती दिवस बसला असा? नको, सांगू नकोस. नको म्हटलं ना! आणि माझा निरोप आल्यावर हातोडा घेतला. दुसऱ्याच दिवशी. हो. तो तसाच.

ऐक. मघाशी मी त्या हातांबद्दल जे बोलले, ते तू ऐकलं नाहीस. मी काही बोललेच नाही, कळलं? कुणाजवळ बोलशील तर बघ. — आणि हॉटेलवाल्याला कळव, होडी गेली. तो जे देत होता तेच मी देते, सरपणाचं बिरपणाचं विसर. कशाला म्हणून विचारू नकोस. बदकं नाहीत. काही नाही. पाण्यात घातली तर बुडेल, मला कळतंय, मी काय डोंगरातली आहे? खिळे धरणार नाहीत, सांधे उघडतील. मग नाही घालणार पाण्यात. बेकरीसमोर ठेवीन, लोक हसतील, हसू देत. यापूर्वीही हसलेत.

तू कशाला वाकलीस आता? त्या पक्कडीला हात लावू नकोस! सैल आहे तर असू दे, मीच हलवला तो मघाशी. एकही खिळा निघणार नाही यातला, वाकडातिकडा असला तरी. पक्कड घेऊन जा. आणि मला एक दगड दे, तो तिथला, हाताएवढा — हां, दे इकडं. हा सैल झालेला परत आत बसवायचाय. माझं मी करते, मला येतं. तू जा. जा म्हणते ना, घरात जा.