महिन्याचं काज

इलॅस्टिक नको हो भाऊ, माझं ऐका, नाडीच बरी — पोटावर टाके असताना इलॅस्टिक म्हणजे नुसता छळ. नाडीचं कसं, सैल म्हटलं की सैल. हात वर करा जरा. उद्या सकाळी ना ऑपरेशन? मग आज संध्याकाळी पायजमा तयार. आणि घाबरताय कशाला? आपल्या डॉक्टरांच्या हातात पोट दिलं म्हणजे — श्वास सोडा, भाऊ, पोट आत ओढून माप देऊ नका, पायजम्याला थापा चालत नाहीत.

या सगळ्या टापूत माणसाचं पोट उघडून परत नीट मिटवणारा पहिला माणूस तो. त्याआधी अपेंडिक्स सुजलं की दोन दिवसांचा प्रवास, निम्मे वाटेतच आटपायचे. यांनी शाळेतली दोन टेबलं जोडली आणि केली सुरुवात. आणि नाद तरी किती! मागच्या अंगणात मधमाश्या, गच्चीवर स्वतः काच घासून केलेली दुर्बीण, बासरी — ती वाजवू नये, पण वाजवतात — अन् न्हाणीघरात दोरीवर फोटो वाळत घातलेले. त्यांच्या घरच्या बाई म्हणतात, आंघोळीला गेलं की पन्नास माणसं बघत असतात! माझ्याकडे आले होते ऑपरेशनचे झगे शिवून घ्यायला. काज बघितलं, खिशातून भिंग काढलं, म्हणाले, मास्तर, मला शिकवा हे. मला वाटलं थट्टा करतायत. कसली थट्टा! तीन महिने त्या स्टुलावर बसले. चांगलं झापलंय मी त्यांना — हो, मी! सर्जन असाल तुमच्या घरी, म्हटलं, टाका ओढताय की नांगर?

जमायला लागल्यावर म्हणाले, आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी येणार, एक काज करणार, आणि तुम्ही ते तपासायचं. का? — तर म्हणे, दवाखान्यात सगळे मला घाबरतात, घरची माया करते, मग खरं कोण सांगणार? ज्या दिवशी तुम्ही म्हणाल बिघडलं, त्या दिवशी मी चाकू खाली ठेवला. एकोणीस वर्षं झाली त्याला. त्या डब्यात आहेत सगळ्या चिंध्या, बघा की — हे बघा, काय काज आहे! मशीननं लाजावं. हे — अं, ते नको, ते राहू द्या. ते गेल्या सोमवारचं. अहो, द्या म्हणतो ना इकडे.

हो, आहे जरा वाकडं. उजेड कमी होता — नाही, कसला कमी, भर दुपार होती. सुई ओवायलाच चार खेपा लागल्या. बोट थरथरत होतं. असलं काज माझ्या कारागिरानं केलं असतं ना, तर त्याच्या अंगावर भिरकावलं असतं. अन् मी काय म्हणालो? फर्स्ट क्लास, डॉक्टर! जीभ कशी वळली माझी, देव जाणे. मधमाश्यांचं काहीतरी सांगत होते, इतके खुशीत — एकोणीस वर्षांचा दोस्त हो, त्याला माझ्या तोंडानं घरी बसवू? म्हटलं, एक महिना जाऊ दे. पण त्यांनी काजाकडे बघितलंच नाही, भाऊ, माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि जाताना आभार मानले. कधी मानत नाहीत.

एक महिना म्हणजे किती पोटं, हा विचारच शिवला नाही मला. आणि आता तुमचं हे पोट माझ्या टेपमध्ये, छत्तीस इंच, जितंजागतं, वरखाली होतंय. लाज वाटते हो मला.

किती वाजले? डॉक्टर अजून दवाखान्यातच असतील. टेप सोडा, टेप सोडा माझी. तुमचं ऑपरेशन होईल, घाबरू नका, त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरीणबाई करतील, डॉक्टरांनीच तयार केलंय त्यांना. बाजूला व्हा, शटर ओढायचंय. — नाही, तुम्ही बरोबर यायचं नाही. परक्या माणसासमोर नाही सांगणार मी त्यांना. तुम्ही घरी जा.