मधल्या विमानतळावरची बॅग

हरवलेल्या सामानाच्या खिडकीसमोरच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते.

“तिकिटं दोन वेगळ्या कंपन्यांची आहेत, मध्ये बॅग घेऊन पुन्हा जमा करावी लागेल, असं तीनदा म्हटलं. तर म्हणे, मला शिकवू नकोस!”

“मला वाटलं, आपोआप पुढे जाते.”

“पावतीवर मधल्याच विमानतळाचं नाव छापलंय.”

“एवढं बारीक कोण वाचतं?”

“अकरा तास होते हातात! तुम्ही वर बाकावर घोरत होतात आणि बॅग खाली पट्ट्यावर गरगर फिरत होती.”

“तुझी कुठाय?”

“ही काय, खांद्याला. ओळखून आहे मी तुम्हाला.”

“अगं, पण उद्या लेकीच्या लग्नात मी घालू काय?”

“तुमचा शहाणपणा घालून मिरवा. तो काही कधी हरवत नाही.”