काकूंचं यादीतलं नाव

मी लोकांची दारं वाजवत फिरेन, असं तुम्हांला वाटतं तरी का? पण संयुक्त महाराष्ट्रासाठी एकेक मत हवं, म्हणून मतदार यादीत बायकांची नावं घालायची मोहीम निघाली, आणि अक्षर चांगलं म्हणून लालबागची आमची चाळ माझ्या वाट्याला आली. मागच्या यादीत शेजारच्या काकू नुसत्या 'बाबल्याची आई' होत्या. त्यामुळे त्यांचं नाव खोडलं गेलं आणि मत हुकलं.

"काकू, या वेळी स्वतःचं नाव सांगा."

"कुठलं गो? लग्नात ठेवलेलं की माहेरचं?"

"घरात चालतं ते."

"घरात कुठलंच चालत नाही." मग हळूच म्हणाल्या, "चंद्रा लिही. आई गेल्यापासून त्या नावाने कुणी हाकच मारली नाही."

"आणि काकांचं नाव?"

"तुला ठाऊक आहे ना? मग मला कशाला घ्यायला लावतेस?"

मतदानाच्या दिवशी मी केंद्राच्या दारापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. काकूंनी आत जाऊन चिठ्ठी पुढे केली. कारकुनाने यादीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "चंद्रा!"

काकूंनी डोक्यावरचा पदर सावरला.

"चंद्रा तुम्हीच ना? बोला बाई, नाहीतर पुढचीला येऊ द्या."

याही वेळी मत जाणार! मी दारातूनच ओरडले, "काकू, हो म्हणा ना!"

मागे न बघता त्या म्हणाल्या, "म्हणते गो. आणखी एकदा हाक मारू दे त्याला."